रक्त गोठेना, तरी डी-डायमर वाढलेला कसा?

यावल तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रात्रीची लाईट आली म्हणून काका (वय ५४) केळीच्या बागेत मोटार चालू करायला गेले आणि पायाला घोणस चावली. रुग्णालयात काचेच्या नळीत रक्त घेऊन ठेवलं. वीस मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, रक्त गोठत नाहीये, आणि सर्पदंशाचं इंजेक्शन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला, त्यात डी-डायमर भलताच वाढलेला. कोविडच्या वेळी तर सगळे सांगत होते की डी-डायमर वाढला म्हणजे गुठळ्या झाल्या. मग काकांचं रक्त पातळ झालं होतं की घट्ट? पाय गुडघ्याच्या वर सुजला, ती सूज विषाची की गुठळीची? आणि आता घरी आल्यावर मेडिकलवाल्याने सूज उतरायला 'एन्झाइमच्या गोळ्या' दिल्यात, त्या द्याव्यात का? काका आधीपासून बीपीसाठी रॅमिप्रिल घेतात.

मी जळगाव जिल्ह्यात सत्तावीस वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. पावसाळा लागला की असे पेशंट येतातच. तुमचा गोंधळ झाला तो 'पातळ' आणि 'घट्ट' या दोन शब्दांमुळे, म्हणून आधी ते बाजूला ठेवू. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, माणूस पाण्याविना राबतो, तेव्हा रक्त खरोखरच घट्ट होतं. पण गोठणं ही निराळी गोष्ट आहे. दूध आटवणं वेगळं आणि दुधाचं दही लागणं वेगळं. पाणी घातलेल्या दुधालाही दही लागतं आणि आटवलेलं दूध विरजणाशिवाय तसंच राहतं. 'रक्त पातळ करायची गोळी' आम्ही म्हणतो खरं, पण त्या गोळीने रक्तात पाणी वाढत नाही. गोठवणाऱ्या एन्झाइमपैकी एखाद्याचा हात धरला जातो, एवढंच.

एन्झाइम म्हणजे विकर. शाळेत हा शब्द वाचला असेल, दवाखान्यात कुणी वापरत नाही. स्वतः न संपता दुसऱ्या पदार्थावर तीच एक क्रिया पुन्हा पुन्हा करणारं प्रथिन, ही त्याची ओळख. विरजणाची उपमा इथे अर्धीच लागू पडते, कारण विरजणात जिवाणू असतात. खरी जुळते ती चीज करण्याची रीत. वासराच्या जठरातलं रेनेट दुधात घालतात, ते दुधातल्या एका प्रथिनाचा तुकडा कापतं आणि दूध साकळतं. रक्तात हेच काम थ्रोम्बिन करतं. फायब्रिनोजेन नावाचं विरघळलेलं प्रथिन रक्तात फिरत असतं. थ्रोम्बिन त्याची दोन प्रकारची बारीक टोकं छाटतं. टोकं गेली की उरलेले रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि धागे तयार होतात. तेच फायब्रिन.

हे फायब्रिनोजेन किती असतं? १०० मिली प्लाझ्मात, म्हणजे रक्तपेशी वगळून उरलेल्या द्रवात, २०० ते ४०० मिलिग्रॅम. धडधाकट माणसाच्या सगळ्या प्लाझ्मातलं मोजलं तर दहा ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे. चहाचे दोन-तीन चमचे म्हणा. हा आकडा लक्षात ठेवा, घोणशीचा सगळा खेळ त्याच्यावर आहे.

थ्रोम्बिन जर असं रक्तात तयार फिरत राहिलं, तर माणूस काही मिनिटांत संपेल. म्हणून यकृत ही एन्झाइम बनवतं ती झोपलेल्या रूपात. नंबर दोन, सात, नऊ, दहा, अकरा, बारा असे त्यांचे आकडे आहेत. प्रत्येकाची कळ उघडायला आधीचं एन्झाइम लागतं. शिरेला छेद गेला की शिरेबाहेरच्या पेशींवरचा 'टिश्यू फॅक्टर' रक्ताला भेटतो. त्याला सात नंबर चिकटतो, तो दहाला जागवतो, दहा नंबर पाचव्याला सोबतीला घेऊन दोन नंबरचं, म्हणजे प्रोथ्रोम्बिनचं, थ्रोम्बिन करतो. पाच आणि आठ स्वतः एन्झाइम नाहीत, ते मदतनीस. पण त्यांच्याशिवाय काम इतकं रेंगाळतं की आठव्याच्या कमतरतेला आपण हिमोफिलिया म्हणतो. सहा नंबर नाहीच. एकेकाळी दिला होता, नंतर तो पाचव्याचंच जागलेलं रूप निघाला आणि आकडा रिकामा राहिला. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो आणि दरवर्षी कुणीतरी फसतं.

आता घोणस. बहुतेकांना वाटतं की तिच्या विषात रक्त पातळ करणारं काहीतरी असतं. प्रत्यक्षात ते रक्त गोठवणारं विष आहे. तिच्या विषातलं एक एन्झाइम थेट दहा नंबरला जागवतं, दुसरं थेट पाचव्याला. छेद नाही, टिश्यू फॅक्टर नाही, मधल्या पायऱ्या नाहीत. फुरसं तर आणखी एक पायरी पुढे उडी मारतं, त्याचं विष सरळ प्रोथ्रोम्बिनलाच कापतं. म्हणजे अंगभर, एकाच वेळी, कारण नसताना थ्रोम्बिन तयार होतं आणि ते दोन-तीन चमचे फायब्रिनोजेन वापरून टाकतं. धागे बारीक-बारीक बनतात, मोठी गुठळी बनण्याआधीच तुटतात, आणि काही तासांत रक्तात गोठण्याजोगं काही उरत नाही. मग हिरड्यांतून रक्त, सुई टोचलेल्या जागेतून रक्त, लघवी लाल. तिकडून नातेवाईक सांगत येतात, "रगत थांबी नही ऱ्हायनं, डाक्टर."

तेव्हा 'गोठत नाही' आणि 'डी-डायमर वाढला' या उलट्या गोष्टी नाहीत. काकांचं रक्त आधी गोठवलं गेलं, म्हणूनच नंतर गोठेना.

डी-डायमर म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण ही चाचणी २०२० आणि २०२१ मध्ये जितकी झाली तितकीच चुकीची समजली गेली. फायब्रिनचे धागे विणले गेले की तेरा नंबरचं एन्झाइम येतं. बाकीची कापणारी, हे शिवणारं. शेजारशेजारच्या दोन रेणूंची 'डी' नावाची टोकं ते पक्की शिवून टाकतं. पुढे जखम भरताना हे जाळं काढायला प्लास्मिन नावाचं एन्झाइम येतं आणि धागे कापत जातं. पण त्याला ती शिवण उसवता येत नाही. म्हणून सगळं कापून झाल्यावर दोन डी एकत्र शिवलेले तुकडे उरतात. ते म्हणजे डी-डायमर. रिपोर्टमध्ये हा आकडा वाढला तर एवढंच कळतं की अंगात कुठेतरी जाळं विणलं गेलं, शिवलं गेलं आणि कापलंही गेलं. कुठे, किती मोठं, आत्ता आहे का, यातलं काहीही कळत नाही. न्यूमोनियात तो वाढतो, बाळंतपणात वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो, वय वाढेल तसा आपोआप वाढतो. साधारण ५०० (नॅनोग्रॅम प्रति मिली, एफईयू) ही मर्यादा धरतात. पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून मर्यादा काढायची रीत आहे, म्हणजे काकांसाठी ५४०. आकडे देताना एकक बघा, काही लॅब दुसऱ्या एककात देतात आणि तोच आकडा निम्मा दिसतो.

या चाचणीचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे. फुप्फुसात गुठळी असेल असा थोडासा संशय आहे आणि डी-डायमर नॉर्मल आला, तर गुठळी नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. वाढलेला आला तर पुढची तपासणी करायची. तक्रार काही नसताना 'चेकअप' म्हणून डी-डायमर करू नका. असे रिपोर्ट घेऊन घाबरून आलेली माणसं मी दर आठवड्याला बघतो.

आता ती काचेची नळी. तुम्हाला ती गावठी वाटली असेल, पण सर्पदंशात तिच्याइतकी भरवशाची स्वस्त चाचणी माझ्याकडे दुसरी नाही. २ मिली ताजं रक्त, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत, २० मिनिटं. हलवायचं नाही, मध्ये तिरपी करून बघायचं नाही. बरोबर वीस मिनिटांनी एकदाच आडवी करायची. गोठलं असेल तर लोळा जागेवर राहतो, नसेल तर रक्त पाण्यासारखं वाहतं.

'काचेची' या शब्दावर मी उगाच जोर देत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट आहे, एका ग्रामीण रुग्णालयात होतो. कापूस वेचणारी एक बाई रात्री आली. पायाला काहीतरी चावलं, साप कुणी बघितला नाही. सूज नावालाच. काचेच्या नळ्या संपल्या होत्या, कपाटात प्लास्टिकच्या नव्या कोऱ्या होत्या, सिस्टरने त्यातली एक दिली. वीस मिनिटांनी रक्त वाहिलं. मी प्रतिविष सुरू केलं. पाचव्या मिनिटाला बाईंच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, बीपी खाली गेलं. ॲड्रिनलिन देऊन सावरलं. रात्री दोन वाजता मेडिकल कॉलेजात काम केलेले एक ब्रदर ड्यूटीवर आले, त्यांनी नळी हातात घेतली आणि विचारलं, "सर, ही प्लास्टिकची कशी?" धुंडाळून एक काचेची नळी काढली, धुवून-वाळवून नाही, कोरी. नऊ मिनिटांत लोळा झाला. बाईंना साप चावलाच नव्हता, निदान विष तरी गेलं नव्हतं. तेव्हापासून मी शेजारी दुसरी नळी ठेवतो, सोबत आलेल्या धडधाकट नातेवाइकाच्या रक्ताची. त्याचं गोठलं आणि पेशंटचं नाही, तरच मानायचं. नळी साबणाने धुतलेलीही चालत नाही. पुसट थर राहिला तरी चाचणी फसते.

काच का लागते, याच प्रश्नात तुमच्या सुजेचं उत्तर दडलेलं आहे. काचेच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. त्याला टेकताच बारा नंबरचं एन्झाइम जागं होतं आणि दुसऱ्या बाजूने साखळी सुरू होते. प्लास्टिकला ही जादू येत नाही. बारा नंबरचं नाव हेगमन फॅक्टर. जॉन हेगमन हा अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा रेल्वेचा ब्रेकमन. भुसावळकरांना जवळचा वाटावा असा माणूस. ऑपरेशनच्या आधी तपासलं तर त्याचं रक्त नळीत गोठायला फार वेळ लागला, पण त्याला आयुष्यात कधी जास्त रक्तस्राव झालेला नव्हता. १९५५ मध्ये ऑस्कर रॅटनॉफ यांनी त्याच्यावर लिहिलं. त्याच्यात बारा नंबर नव्हताच. हा माणूस १९६८ मध्ये गेला तो रक्तस्रावाने नाही. पडून कंबरेचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळला आणि फुप्फुसात गुठळी गेली.

मग बारा नंबर रक्त थांबवायला लागत नसेल, तर तो करतो काय? त्याचं दुसरं काम कॅलिक्रेइन नावाच्या एन्झाइमला जागवणं. कॅलिक्रेइन रक्तातल्या एका मोठ्या प्रथिनातून नऊ अमिनो आम्लांचा छोटासा तुकडा कापून काढतं, ब्रॅडिकायनिन. हा तुकडा शिरांना सैल करतो, त्यांच्या भिंतीतल्या पेशींमध्ये फटी पाडतो, आतलं पाणी बाहेर झिरपतं आणि ठणका लागतो. सूज, लाली, दुखणं, गरमपणा: दाहाची जी चार लक्षणं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, ती चारही.

ब्रॅडिकायनिन सापडलं तेही सापाच्या विषामुळेच. १९४९ मध्ये ब्राझीलमध्ये मॉरिसिओ रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिकडच्या जराराका सापाचं विष रक्ताच्या प्लाझ्मात मिसळलं आणि त्यात हा नवीन पदार्थ तयार झालेला दिसला. पुढे त्याच सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनला मोडू न देणारे तुकडे मिळाले. त्यांच्यावरून बीपीचं कॅप्टोप्रिल हे औषध घडलं. तुमच्या काकांचं रॅमिप्रिल त्याच घराण्यातलं. या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो, क्वचित ओठ-जीभ सुजते, ते अंगात ब्रॅडिकायनिन साठल्यामुळे. भरती असताना आम्ही ती गोळी बहुतेक वेळा थांबवतो, कारण बीपी आधीच पडलेलं असतं आणि मूत्रपिंडाला धोका असतो. घरी गेल्यावर ती कधी सुरू करायची ते क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि बीपी बघून तुमचे डॉक्टर सांगतील. न विचारता सुरूही करू नका, बंदही करू नका.

सूज फक्त ब्रॅडिकायनिनची नसते. थ्रोम्बिनला आम्ही वर्षानुवर्षं गोठवणारं एन्झाइम म्हणून शिकवत राहिलो, आणि १९९१ मध्ये कळलं की त्याचा एक हात पेशींच्या दारातही असतो. पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं. थ्रोम्बिन त्याचं टोक छाटतं, आणि छाटल्यावर जे नवं टोक उघडं पडतं तेच वाकून त्याच प्रथिनात बसतं आणि पेशीला आत निरोप देतं. म्हणजे कुलपाची किल्ली कुलपालाच लोंबकळत होती, वरचं टोपण तेवढं काढायचं होतं. निरोप मिळाला की प्लेटलेट फुगून चिकट होतात, शिरेच्या आतल्या अस्तराच्या पेशी आकसून फटी पाडतात, पांढऱ्या पेशींना अडकवायला पृष्ठभागावर हुक बाहेर काढतात, दाहाचे रासायनिक संदेश सोडतात. एकच एन्झाइम, एका हाताने जाळं विणतं आणि दुसऱ्या हाताने फौज बोलावतं.

शरीराने ही दोन कामं एकाच मंडळींकडे का सोपवली? शेतात काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बाभळीचा काटा टाचेत गेला की एकाच भोकातून रक्त बाहेर येतं आणि माती आत जाते. गळती बुजवणं आणि आलेल्याला अडवणं ही तिथे एकाच वेळची कामं. फायब्रिनच्या जाळ्यात जिवाणूही अडकतात. समुद्रात नालखेकडा नावाचा जुनाट प्राणी आहे, त्याला तर आपल्यासारखं वेगळं प्रतिकारशक्तीचं खातंच नाही. जिवाणूच्या कवचाचा अंश लागला की त्याचं रक्त तिथल्या तिथे गोठतं. सलाईन आणि इंजेक्शनांत जिवाणूंचा असा अंश राहिलाय का ते तपासायला त्याच रक्ताचा अर्क जगभर वापरतात.

ही मंडळी मोकाट सुटली तर काय होतं ते कोविडमध्ये पाहिलं. फुप्फुसात दाह पेटला, पांढऱ्या पेशींनी आपल्या डीएनएची जाळी बाहेर फेकली, त्यांच्यातल्या इलास्टेज एन्झाइमने रक्ताचे ब्रेक कुरतडले, आणि बारीक शिरांत गुठळ्या झाल्या. ब्रेक आहेत, बरं का. अँटिथ्रोम्बिन हा एक. गुठळी रोखायला देतात ते हेपॅरिनचं इंजेक्शन त्याचाच हात बळकट करतं. दुसरा प्रोटीन सी. त्याची गंमत अशी की त्याला जागवणारंही थ्रोम्बिनच असतं. शिरेच्या निरोगी अस्तरावर थ्रोम्बॉमॉड्युलिन नावाचा खांब असतो. भटकत आलेलं थ्रोम्बिन त्याला बिलगलं की फायब्रिनोजेन कापायचं सोडून प्रोटीन सी ला जागवायला लागतं, आणि प्रोटीन सी गोठणंही थांबवतं आणि दाहही. म्हणून निरोगी शिरेत गुठळी पसरत नाही. दाहाने अस्तर सोललं की हे खांब गळून पडतात, आणि तेच थ्रोम्बिन पुन्हा उलटं वागतं.

काकांच्या सुजेकडे येऊ. घोणशीच्या विषात वरच्या दोन एन्झाइमशिवाय आणखी आहेत. फॉस्फोलिपेज पेशींची पातळ आवरणं कापतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात आणि दुखणं वाढतं. धातू पोटात बाळगणारी काही एन्झाइम बारीक शिरांच्या भिंतीचा पायाच कुरतडतात, म्हणून रक्त आणि पाणी मांसात झिरपतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतली मांडीपर्यंतची सूज बहुतेक वेळा ही अशी असते. मोठ्या शिरेतली गुठळी नव्हे. मात्र रक्त पुन्हा नीट गोठायला लागल्यावर, सूज उतरत असताना एका बाजूची पोटरी अचानक फुगली आणि टणक झाली, तर डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्या. तुम्ही लिहिलं नाही, पण विचारून ठेवतो: कुणी मांडीला दोरी आवळली होती का? बांधल्याने विष थांबत नाही, ती सगळी कापणारी एन्झाइम एकाच जागी कोंडतात आणि तिथलं मांस सडतं. पाय न हलवता आडवं झोपवून आणणं, १०८ ला फोन करणं, बास. ब्लेड नको, चोखणं नको, भगताकडे एक चक्करही नको. प्रत्येक तासात फायब्रिनोजेन संपत असतं.

प्रतिविषाबद्दल एक गोष्ट नातेवाइकांना नीट कुणी सांगत नाही आणि मग भांडणं होतात. प्रतिविष गोठवणारी प्रथिनं परत देत नाही. ते घोड्याच्या रक्तात तयार झालेलं असतं आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषाला धरून निकामी करतं. विष थांबलं की नवं फायब्रिनोजेन यकृताला बनवावं लागतं आणि त्याला सुमारे सहा तास हवेत. म्हणून पहिल्या साधारण दहा कुप्यांनंतर आम्ही सहा तास थांबतो आणि पुन्हा नळी लावतो. मधल्या काळात 'डॉक्टर काहीच करत नाहीत' असं बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना वाटतं. लहान मुलालाही तेवढ्याच कुप्या लागतात, कारण सापाने विष टोचताना वजन बघितलेलं नसतं.

याच घोणशीच्या विषाने माणसं वाचवलीही आहेत. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी ते दहा हजार पट पातळ करून हिमोफिलियाच्या पेशंटच्या जखमेवर लावलं आणि वाहणारं रक्त थांबलं. त्याच मॅकफार्लेन यांनी १९६४ मध्ये या एन्झाइमच्या साखळीचा नकाशा मांडला. आजही वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईची 'लुपस अँटिकोॲग्युलंट' (गोठण्यात ढवळाढवळ करणाऱ्या प्रतिपिंडांची) चाचणी पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये होते, तेव्हा नळीत पातळ केलेलं घोणशीचं विषच घालतात.

आता मेडिकलवाल्याच्या गोळ्या. पाकिटावर बघा, सेराशिओपेप्टिडेज किंवा ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन लिहिलेलं असेल. सेराशिओपेप्टिडेज हे रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या जिवाणूचं एन्झाइम. ऐकायला छान वाटतं: किड्याच्या पोटातलं एन्झाइम आपली सूज कुरतडेल. पण पोटात गेलेलं प्रथिन म्हणजे जेवण. डाळीतलं प्रथिन पचतं तसं तेही पचायला लागतं. त्यातून वाचून रक्तात जाणारा अंश फार थोडा. जपानमध्ये ज्या कंपनीने ही गोळी आणली, तिनेच २०११ मध्ये बाजारातून मागे घेतली, कारण नव्याने घेतलेल्या चाचणीत ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. आपल्याकडे मात्र दात काढला तरी हीच, पाय मुरगळला तरी हीच. मी लिहीत नाही. निव्वळ एन्झाइमची गोळी असेल तर मी म्हणेन, पैसे गेले, बाकी काही बिघडलं नाही. पण बहुतेक पाकिटांत तिच्यासोबत डायक्लोफिनॅक किंवा ॲसेक्लोफिनॅक असतं, आणि खरा धोका तो आहे. घोणशीनंतर मूत्रपिंड आधीच मार खाल्लेलं असतं, त्यावर ही दुखण्याची गोळी आणि वर रॅमिप्रिल, असं तिहेरी ओझं पडलं तर क्रिएटिनिन चढायला वेळ लागत नाही. ते पाकीट आजच परत करा. दुखलं तर पॅरासिटॅमॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, आणि पाय उशीवर उंच.

पुढचे दोन आठवडे काकांकडे लक्ष ठेवा. घोड्याच्या प्रथिनामुळे साधारण एक ते दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर खाजरे चट्टे येऊ शकतात. तिथे कॉम्प्लिमेंट नावाची आणखी एक एन्झाइमची साखळी पेटलेली असते. याचा अर्थ दुसरा साप चावला किंवा विष उलटलं असा नाही; दाखवलं की थोड्या दिवसांच्या औषधाने बसतं. लघवी कमी होतेय का, लाल-काळी होतेय का हे रोज विचारा. क्रिएटिनिन या आठवड्यात एकदा आणि पुढच्या आठवड्यात एकदा करा, नॉर्मल आलं तरी दुसरं चुकवू नका.

आणि एक गोष्ट डिस्चार्ज कार्डावर सहसा लिहिलेली नसते. घोणशीच्या दंशात मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या बारीक शिरांतही हा गोठण्या-वाहण्याचा प्रकार होऊ शकतो, आणि ती ग्रंथी हळूहळू वाळते. क्वचित होतं, पण होतं. माणूस बरा होऊन घरी जातो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षाने, सारखा थकलेला, उभं राहिलं की चक्कर, थंडी सोसवेना, दाढी विरळ, भूक नाही. घरचे म्हणतात सापाची भीती बसलीय. असं दिसलं तर फिजिशियनला सांगताना घोणशीचा दंश झाला होता हे आधी सांगा, आणि सकाळी आठ वाजताचं कॉर्टिसॉल व थायरॉइडची तपासणी करून घ्या.